खाऱ्या पाण्यातील शोभिवंत माशांचे परजीवी रोग व त्यांवरील उपचार : समुद्रापासून दूर असलेल्या आदिलाबाद जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून पैनगंगा वाहते. नदीच्या पलीकडे यवतमाळ व चंद्रपूर हे महाराष्ट्राचे जिल्हे असून अलीकडच्या अनेक गावांतही मराठी हीच घरची भाषा आहे. २०१६ साली जुन्या आदिलाबादचे विभाजन होऊन निर्मल, मंचेरियाल आणि कोमरम भीम आसिफाबाद हे जिल्हे वेगळे झाले. तथापि मासळीच्या दृष्टीने या साऱ्या भागाचे स्वरूप एकच आहे. सातनाला, मत्तडीवागू यांसारखे जलाशय, गावोगावचे तलाव आणि त्यांत वाढणारे रोहू, कटला, मृगळ हे गोड्या पाण्यातील मासे. समुद्र येथून सरळ रेषेत मोजला तरी साडेचारशे किलोमीटरहून अधिक दूर आहे.

अशा ठिकाणी खाऱ्या पाण्यातील मासे ठेवावयाचे झाल्यास ते मोठ्या शहरातील दुकानातून, प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतून आणावे लागतात. पाणीही समुद्राचे नसते. ते पुड्यातील कृत्रिम सागरी मीठ विरघळवून तयार करावे लागते. महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात असो, दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात असो की घरातील दिवाणखान्यात, अशा टाकीतील मासा आजारी पडला म्हणजे सल्ला मिळतो तो गोड्या पाण्यातील अनुभवाचा. हा अनुभव खोटा नसतो, परंतु तो उलट्या बाजूचा असतो. प्रस्तुत लेखात खाऱ्या पाण्यातील माशांचे प्रमुख परजीवी, त्यांचे जीवनचक्र आणि समुद्रापासून दूर, मर्यादित साधनांत करता येण्याजोगे उपचार यांचा विचार केला आहे.

मीठ कोणाचे औषध?

तलावात मत्स्यबीज सोडण्यापूर्वी ते दोन ते तीन टक्के मिठाच्या पाण्यात काही मिनिटे बुडवून काढण्याची पद्धत मत्स्यपालकांना चांगली माहीत आहे. अंगावरचे व कल्ल्यांतले पुष्कळसे एकपेशीय परजीवी त्याने मरतात. यामागचे कारण परासरण हे होय. गोड्या पाण्यातील परजीवीच्या पेशीतील द्रव बाहेरच्या पाण्यापेक्षा खारट असतो. त्याला एकाएकी तीव्र मिठाच्या पाण्यात टाकले की पेशीतील पाणी बाहेर ओढले जाते आणि ती आकसून मरते. माशाचे शरीर मोठे, त्वचा जाड, म्हणून तो तेवढा वेळ सहन करू शकतो.

समुद्री माशाच्या बाबतीत सर्व गणित पालटते. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. समुद्री अस्थिमत्स्याच्या रक्तातील क्षारांचे प्रमाण मात्र त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास असते. त्यामुळे त्याच्या शरीरातील पाणी सतत बाहेर जात असते. ते भरून काढण्यासाठी तो समुद्राचे पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. (गोड्या पाण्यातला मासा पाणी पीत नाही म्हटले तरी चालेल. पाण्यात राहून तहानलेला असतो तो समुद्रातला मासा.) समुद्री परजीवी हे खाऱ्या पाण्याचेच रहिवासी असल्यामुळे त्यांना आणखी मीठ घालून मारता येत नाही. त्यांना मारणारे मीठ नव्हे, गोडे पाणी. येथे गोड्या पाण्यात बुडवल्यास परजीवीच्या पेशीत पाणी शिरते, ती फुगते आणि फुटते.

उष्णतेचेही तसेच आहे. गोड्या पाण्यातील पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात पाण्याचे तापमान ३० अंशांच्या वर नेल्यास रोग आटोक्यात येतो. समुद्री ठिपक्यांचा परजीवी उष्ण कटिबंधातील प्रवाळ समुद्रांत वाढलेला असल्याने त्याला हे तापमान मानवते. वर धोका असा की खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. २५ अंश तापमानाला एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.८ मिलिग्रॅमच. पाणी जसजसे तापेल तसतसा तोही घटतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या आदिलाबादेत, वीज गेलेल्या दुपारी, कल्ले सुजलेल्या माशाच्या टाकीत आणखी गरम पाणी म्हणजे उपचार नव्हे.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग

खाऱ्या पाण्याच्या टाक्यांत सर्वाधिक आढळणारा परजीवी क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्स हा होय. जपानी संशोधकांनी १९३० च्या दशकात या रोगाची नोंद केली होती. ब्राउन या संशोधिकेने १९५१ साली त्याला आजचे शास्त्रीय नाव दिले. त्याच वर्षी मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले आणि मराठी माणसाच्या दोन-तीन पिढ्यांनी जिवंत समुद्री मासा प्रथम पाहिला तो तेथील काचेआड. (२०१५ मध्ये नूतनीकरणानंतर ते पुन्हा खुले झाले होते. २०२० च्या टाळेबंदीत त्याचे दरवाजे बंद झाले.) हा योगायोगच, परंतु अर्थपूर्ण आहे. कारण हा रोग जेवढा समुद्राचा आहे त्याहून अधिक काचेच्या पेटीचा आहे. ते कसे, हे जीवनचक्रावरून स्पष्ट होते.

माशाच्या अंगावर मिठाच्या कणाएवढे जे पांढरे ठिपके दिसतात ती परजीवीची खाण्याची व वाढण्याची अवस्था असते. तो त्वचेवर बसलेला नसून वरच्या आवरणाच्या आत, त्वचेखाली असतो. ही बाब उपचाराच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची आहे. तीन ते सात दिवस माशाच्या पेशी खाऊन झाल्यावर तो आपण होऊन मासा सोडतो, तळाशी जातो, वाळूला, दगडाला किंवा काचेला चिकटतो आणि स्वतःभोवती टणक कोष तयार करतो. कोषाच्या आत त्याचे विभाजन होत राहते. एका कोषातून दोनशेपर्यंत पिल्ले निघू शकतात. ती बाहेर पडण्यास बहुधा चार ते आठ दिवस लागतात. काही कोष मात्र महिनाभर थांबतात आणि एका प्रयोगात तर ७२ व्या दिवशीही पिल्ले निघाल्याची नोंद आहे. बाहेर पडलेल्या पिल्लाला एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ते मरते. मासा सोडणे आणि कोष फुटणे या दोन्ही क्रिया मुख्यतः अंधारात होतात. रात्री मासे तळाशी, खडकांच्या सांदीत झोपलेले असतात. पिल्लांना फार लांब जावे लागत नाही.

मोकळ्या समुद्रात दोनशे पिल्लांपैकी एखाद्याला मासा सापडला तरी पुष्कळ. लाटा व प्रवाह बाकीच्यांना दूर नेतात. शंभर लिटरच्या टाकीत ती हरवणार कोठे? माशावर तीस ठिपके होते असे धरले तर पुढच्या फेरीत सहा हजारांपर्यंत पिल्ले त्याच पाण्यात फिरू लागतात.

यातूनच या रोगातील सर्वात मोठी फसगत उद्भवते. ठिपके दिसल्यावर मालक घाबरतो आणि दुकानातून निळ्या किंवा हिरव्या औषधाची बाटली आणतो. दोन दिवस थेंब टाकतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठिपके नाहीसे होतात. औषध लागू पडले असे समजून तो ते बंद करतो आणि शेजाऱ्यालाही त्याच बाटलीची शिफारस करतो. प्रत्यक्षात परजीवी पोट भरून खाली उतरलेला असतो. औषध न घालताही ठिपके त्याच दिवशी गेले असते. आठ-दहा दिवसांनी रोग परततो तेव्हा मासा पांढऱ्या पिठात लोळल्यासारखा दिसतो, कल्ल्यांवरही परजीवी असतात आणि तो पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतो. या दुसऱ्या किंवा तिसऱ्या फेरीतच बहुतेक मासे दगावतात. लसणाचा रस, हळद आदी उपायांची कीर्तीही अशाच मधल्या दिवसांत निर्माण झालेली असते. त्यांनी हा रोग बरा होतो असा पुरेसा पुरावा नाही.

औषधाविना उपचार

त्वचेखालच्या परजीवीपर्यंत औषध पोहोचत नाही. गोड्या पाण्यातील बुडीही पोहोचत नाही. टणक कोषावरही औषधाचा परिणाम होत नाही. परजीवी हाती लागतो तो केवळ कोषातून निघाल्यापासून मासा गाठेपर्यंतच्या काही तासांत. म्हणून सर्व उपचारांचा रोख याच अवस्थेवर असतो आणि म्हणूनच तीन दिवसांचा उपचार हा उपचार ठरत नाही.

लहान गावातील मत्स्यपालकास सर्वात उपयुक्त अशी एक पद्धत औषधाशिवायची आहे. इस्रायलमधील संशोधक कॉलॉर्नी यांनी १९८७ साली तिचा पाया घातला. तत्त्व साधे आहे. कोषातून पिल्ले निघण्यास किमान तीन दिवस लागतात, मग तीन दिवस पूर्ण होण्याच्या आत मासाच तेथून हलवावा. याकरिता दोन साध्या टाक्या किंवा खाद्यपदार्थांसाठी वापरता येणारे प्लास्टिकचे मोठे टप पुरतात. तळाशी वाळू नाही, दगड नाहीत. आडोशाला पीव्हीसी पाइपाचा तुकडा, हवेचा पंप आणि थंडीत हीटर एवढे पुरे. डिसेंबर-जानेवारीत आदिलाबाद हे तेलंगणातील सर्वात थंड ठिकाणांपैकी एक असते, म्हणून हीटर येथे चैन नव्हे. दर ७२ तासांच्या आत मासा पहिल्या टपातून दुसऱ्या टपात, ताज्या तयार केलेल्या, तेवढ्याच क्षारतेच्या व तापमानाच्या पाण्यात न्यावा. जुने पाणी सोबत येणार नाही याची काळजी घ्यावी. रिकामा झालेला टप, पाइप, हवेचा दगड व जाळी धुऊन पूर्ण कोरडी करावी. कोष कोरडेपणात टिकत नाहीत आणि या कामी आदिलाबादचे ऊन फुकटचा मदतनीस आहे. अशा चार बदल्या केल्या की सुमारे बारा दिवसांत माशावरचे सर्व परजीवी उतरून गेलेले असतात आणि त्यांची संतती मासा नसलेल्या, वाळलेल्या टपात संपलेली असते.

खर्चाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. टपात ४० लिटर पाणी धरल्यास पहिला भरणा व चार बदल्या मिळून २०० लिटर पाणी लागते. लिटरला ३५ ग्रॅमप्रमाणे सात किलो सागरी मीठ. स्वयंपाकाचे मीठ येथे चालत नाही. समुद्राच्या क्षारांत सोडियम व क्लोरीन मिळून सुमारे ८५ टक्के असतात. उरलेल्या १५ टक्क्यांतील मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि बायकार्बोनेट हेच समुद्री जिवांना जगवतात. पाणी आरओ यंत्राचे असावे. बोअरचे पाणी जड असते आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. टपात गाळणीतील उपकारक जिवाणू नसल्यामुळे अमोनिया साठतो, म्हणून तीन दिवस खाद्य बेताचेच द्यावे.

मूळ टाकीचे काय? तीत कोष शिल्लकच असतात. तेथे प्रवाळ, शंख, खेकडे, कोळंबी राहू शकतात, कारण हा परजीवी केवळ माशांवर जगतो. परंतु मासा एकही नको. किमान सहा आठवडे टाकी माशांविना ठेवावी. वर सांगितलेली ७२ दिवसांची नोंद लक्षात घेऊन पुष्कळ जाणकार ७६ दिवस थांबतात. ‘एक मासा पकडता आला नाही, तेवढा राहू दिला’ म्हटले की सर्व दिवस वाया गेले. टाकी रिकामी पाहणे कठीण जाते हे खरे आहे, पण यास दुसरा मार्ग नाही.

क्षारता कमी करण्याचा उपचारही मासे वेगळ्या टाकीत ठेवून करता येतो. पाण्यातील क्षार दोन दिवसांत हळूहळू १५ ग्रॅमपर्यंत किंवा किंचित खाली आणून तेथेच तीन ते चार आठवडे राखले असता कोष फुटून नष्ट होतात आणि माशाचाही मीठ बाहेर टाकण्याचा श्रम वाचतो. मात्र येथे अंदाज चालत नाही. क्षारता १८-२० पर्यंत राहिली तर परजीवी तगतो. काचेचा तरंगता मापक बहुधा चुकतो, म्हणून अपवर्तनमापक हवा. शिवाय कमी क्षारतेला न जुमानणारे वाणही आढळले आहेत, तेव्हा ही पद्धत खात्रीची मानता येत नाही. अशा पाण्यात प्रवाळ व शंखवर्गीय प्राणी मरतात हे सांगणे नलगे.

मोरचूद : मात्रा आणि धोका

तांबे हे या रोगावरील सर्वात जुने व आजही वापरले जाणारे औषध होय. कापूस पिकविणाऱ्या या जिल्ह्यात मोरचूद कृषी सेवा केंद्रावर सहज मिळतो, ही सोय आहे आणि धोकाही. शेतीच्या मोरचूदात इतर धातूंची भेसळ असू शकते. माशांसाठी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतील शुद्ध प्रतीचाच वापरावा.

पाण्यात विरघळलेले तांबे लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम असावे लागते. याहून कमी असल्यास परजीवी जगतो, थोडे वाढल्यास मासा मरतो. दोहोंमधील वाट इतकी अरुंद आहे. मोरचूदात तांबे वजनाच्या सुमारे एक चतुर्थांश असते. त्यामुळे १०० लिटर पाण्यास ०.२० मिलिग्रॅमच्या मात्रेसाठी २० मिलिग्रॅम तांबे, म्हणजेच सुमारे ७९ मिलिग्रॅम मोरचूद पुरतो. चिमटीत सहज तीन-चारशे मिलिग्रॅम मावतात. ‘चिमूटभर टाका’ या सल्ल्याने मासे का मरतात ते यावरून कळावे. योग्य रीत अशी की एक ग्रॅम मोरचूद एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून ठेवावा. या द्रावणाच्या ७९ मिलिलिटरांत वरील मात्रा येते. ती एकदम न घालता दोन-तीन दिवसांत विभागून द्यावी. त्यानंतर चाचणीसंचाने दिवसातून दोनदा तांबे मोजावे आणि घटले तेवढेच भरावे. चाचणीसंच नसेल तर तांब्याच्या वाटेस जाऊच नये.

तांबे घटते का? प्रवाळाची वाळू, शिंपले, चुनखडीचे दगड ते शोषून घेतात आणि पाण्याचे गुणधर्म बदलले की पुन्हा सोडतात. म्हणून तांब्याचा उपचार नेहमी वाळू-दगड नसलेल्या वेगळ्या टाकीतच करावा. ठिपक्यांच्या रोगात तो तीन आठवड्यांपेक्षा कमी नसावा. प्रवाळ, कोळंबी, शंख यांना तांबे अत्यल्प प्रमाणातही विष आहे. शार्क व पाकट यांनाही ते सोसत नाही. संपल्यावर सक्रिय कोळसा आणि पाणीबदल यांनी ते काढून टाकावे.

मखमली रोग

ठिपक्यांच्या रोगात मालकाला निदान विचार करण्यास वेळ मिळतो. अमायलोओडिनियम ऑसेलेटम या परजीवीमुळे होणारा मखमली रोग तो देत नाही. याचेही पहिले वर्णन ब्राउन यांचेच, १९३१ सालचे. हा प्रथम कल्ल्यांवर हल्ला करतो. मासा खाणे सोडतो, जोरजोरात श्वास घेतो, पंपाच्या झोतासमोर उभा राहतो. त्वचेवर काहीच दिसत नाही आणि एक-दोन दिवसांत मासा मेलेला आढळतो. दिवा मालवून बॅटरीचा उजेड तिरपा टाकल्यास अंगावर कणकेची बारीक धूळ बसल्यासारखी झळाळी दिसते. पण ती दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. एका कोषातून २५६ पर्यंत पिल्ले निघतात. कमी क्षारतेत हा आरामात जगतो, म्हणून ठिपक्यांवर लागू पडलेला तो उपाय येथे निरुपयोगी. कोष लवकर फुटत असल्यामुळे टप बदलण्याची पद्धतही भरवशाची नाही. तांबे किंवा हिवतापावरचे क्लोरोक्विन हेच खरे उपाय. क्लोरोक्विनची मात्रा लिटरला १० मिलिग्रॅमच्या आसपास दिली जाते. औषधाच्या दुकानातील गोळीत शुद्ध औषधाखेरीज इतर पदार्थ असतात आणि वेष्टनावरील आकडा क्षाराचा की मूळ औषधाचा हेही पाहावे लागते. पशुवैद्यकाच्या किंवा मत्स्यतज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय ते देऊ नये.

इतर परजीवी

क्लाउनफिशवर विशेषतः आढळणारा ब्रूक्लिनेला होस्टिलिस हा थेट माशाच्या अंगावरच विभागून वाढतो. त्याला कोषाची अवस्था नाही. अंगावरून चिकट पांढरा पापुद्रा सुटू लागतो व मासा काही दिवसांत दगावतो. यावर तांबे चालत नाही. फॉर्मेलिनच्या बुडीचा उपयोग होतो. लिटरला ०.१५ ते ०.२५ मिलिलिटर या प्रमाणात, भरपूर हवा सोडून, अर्धा ते एक तास, डोळ्यांसमोर. फॉर्मेलिन पाण्यातील प्राणवायू घटवते आणि माणसालाही घातक आहे. हातमोजे व मोकळी हवा आवश्यक. बाटलीच्या तळाशी पांढरा साका बसला असेल तर ते माशांसाठी वापरू नये.

चपट्या कृमींपैकी निओबेनेडेनिया व त्याचे जातभाई त्वचेवर, डोळ्यांवर चिकटतात. ते पारदर्शक असल्याने दिसत नाहीत. मासा अंग घासतो, डोळे धुरकट होतात एवढेच जाणवते. येथे गोड्या पाण्याची बुडी खरोखर कामास येते. क्लोरीनरहित, त्याच तापमानाचे आणि खायचा सोडा घालून समुद्राएवढे अल्कधर्मी केलेले पाणी घेऊन त्यात मासा तीन ते पाच मिनिटे ठेवावा. कृमी पांढरे पडून तीळ सांडावेत तसे तळाशी पडतात. मासा आडवा होऊ लागला तर वेळ पूर्ण होण्याची वाट न पाहता बाहेर काढावा. कृमींची अंडी मात्र बारीक धाग्यांनी जाळ्या, पाइप यांना अडकून राहतात व त्यांना ना गोडे पाणी मारते ना औषध. म्हणून प्राझिक्वांटेल हे औषध लिटरला सुमारे २ ते २.५ मिलिग्रॅम या मात्रेने द्यावे आणि अंडी फुटल्यावर, साधारण आठवडाभराने, पुन्हा द्यावे.

तलावातील रोहू-कटल्यावर आढळणाऱ्या माशांच्या उवेसारखे कवचधारी परजीवी समुद्री माशांवरही असतात. ते डोळ्यांनी दिसतात, चिमट्याने काढता येतात. त्यांचा विस्तार येथे करण्याचे कारण नाही.

निदान : महाविद्यालयाची प्रयोगशाळा

वरील वर्णनावरून लक्षात येईल की एका परजीवीवरचे औषध दुसऱ्यास चालत नाही. म्हणजे प्रथम प्रश्न निदानाचा. यासाठी महागडी यंत्रणा लागत नाही. कोणत्याही प्राणिशास्त्र विभागात असलेले साधे संयुक्त सूक्ष्मदर्शक पुरते. ओल्या हाताने मासा धरून काचपट्टीच्या कडेने त्वचेवरील थोडा श्लेष्मा डोक्याकडून शेपटीकडे खरवडावा, टाकीतीलच पाण्याच्या थेंबात ठेवावा आणि लगेच पाहावा. गोल, केसाळ, सावकाश गरगर फिरणारी मोठी पेशी म्हणजे क्रिप्टोकॅरियॉन. गोड्या पाण्यातील ठिपक्यांच्या परजीवीत घोड्याच्या नालेसारखे केंद्रक स्पष्ट दिसते, तर यात ते चार मण्यांच्या माळेसारखे असते व सहसा दिसतही नाही. दिसायला जुळे भासणारे हे दोन जीव जवळचे नातलग नाहीत, असे १९९० च्या दशकातील आनुवंशिक अभ्यासावरून निष्पन्न झाले आहे. काळपट, नासपतीच्या आकाराची, न हलणारी पेशी अमायलोओडिनियमची. मूत्रपिंडाच्या आकाराची, चपळ सरपटणारी पेशी ब्रूक्लिनेलाची. पदवीच्या विद्यार्थ्यांना परजीवींचे जीवनचक्र पाठ करावे लागते. एका आजारी माशाच्या निमित्ताने ते डोळ्यांनी पाहता येते. मेलेल्या माशावरील परजीवी लवकर निघून जातात, म्हणून नमुना जिवंत किंवा नुकत्याच मेलेल्या माशाचा असावा.

शंका राहिल्यास नागपूर व उदगीर येथील मत्स्यविज्ञान महाविद्यालये या जिल्ह्याला त्यातल्या त्यात जवळची आहेत. समुद्री माशांचा प्रत्यक्ष अनुभव रत्नागिरीकडे अधिक आहे. तेथील सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रात मत्स्यालयही आहे.

मासा कोठून येतो?

बाजारातील बहुतेक समुद्री शोभिवंत मासे प्रवाळ समुद्रांतून पकडून आणलेले असतात. घाऊक व्यापाऱ्याच्या टाक्यांत निरनिराळ्या समुद्रांतील मासे एकाच फिरत्या पाण्यात राहतात. परजीवींची देवघेव येथेच होते. शहर, प्रवास, नवे पाणी या साऱ्या ताणाने माशाची प्रतिकारशक्ती खालावते आणि आदिलाबादला पोहोचून आठवडा होतो न होतो तोच ठिपके दिसतात. दोष मग टाकीला किंवा पाण्याला दिला जातो. केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या अनेक जातींची बंदिस्त पैदास यशस्वी केली आहे. असे पैदास केलेले मासे पिलापासून टाकीतच वाढलेले असल्याने तगडे असतात आणि पकडलेल्या माशांशी मिसळले गेले नसतील तर परजीवीही क्वचितच आणतात. किंमत थोडी अधिक पडली तरी पहिल्यांदा टाकी मांडणाऱ्याने त्यांचाच विचार करावा. समुद्रघोड्याच्या मोहात मात्र पडू नये. २००१ पासून तो वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे.

नवा मासा कितीही निरोगी दिसो, तो चार ते सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. वर वर्णिलेली टप बदलण्याची पद्धत याच काळात, ठिपके दिसण्याची वाट न पाहता, करून टाकणे उत्तम. दोन टाक्यांची जाळी, नळी, बादली वेगळी असावी, कारण ओल्या जाळीवरच्या थेंबातूनही पिल्ले जातात. नवा प्रवाळ किंवा दगड आणला तरी त्यावर कोष असू शकतो. तोही माशांविना तेवढेच दिवस थांबवावा, ही गोष्ट अनुभवी लोकही विसरतात. एकदा रोगातून वाचलेल्या माशांत काही महिने टिकणारी अंशतः प्रतिकारशक्ती येते. अशा माशांवर ठिपके दिसत नाहीत, पण थोडे परजीवी राहू शकतात. जुन्या, ‘कधीच आजारी न पडलेल्या’ टाकीत नवा मासा सोडताच तोच तेवढा आजारी पडतो, याचे कारण हे आहे.

उपचार संपल्यावर उरणाऱ्या पाण्याची विल्हेवाटही विचारात घ्यावी लागते. समुद्री परजीवी तलावाच्या गोड्या पाण्यात जगत नाहीत, त्यामुळे त्या बाजूने रोहू-कटल्याला भीती नाही. परंतु तांबे व फॉर्मेलिन तेथेही तेवढेच विषारी आहेत. असे पाणी नाल्यात, विहिरीजवळ किंवा तलावाच्या पाणलोटात ओतू नये. तांब्याचे पाणी प्रथम सक्रिय कोळशातून गाळून घ्यावे व चाचणीत तांबे शून्य आल्यावरच मोरीत सोडावे. वापरलेला कोळसा बागेत टाकू नये. आणि हे खारे पाणी कुंडीतल्या झाडांना घालण्याचा मोहही आवरावा, कारण लिटरला ३५ ग्रॅम मीठ कापसाच्या काळ्या मातीलाही सोसत नाही.